रंधा आणि धार : गीता, अध्याय १२, श्लोक ९



आजचा श्लोक बाराव्या अध्यायातला नववा. बारावा म्हणजे भक्तियोग, अवघ्या २० श्लोकांचा अध्याय. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हा लहानपणीच पाठ झालेला असतो, आणि पाठ झाल्यामुळेच त्यातल्या काही ओळींवरून आपण गाडी थेट पुढे नेतो. नवव्या श्लोकाचं माझं तसंच झालं होतं. कितीतरी वर्षं तो म्हटला, पण कळला यंदा मे महिन्यात, तोही लोणारला, आईमुळे.

आधी श्लोकाचा अर्थ साध्या भाषेत पाहू.

आठव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की मन माझ्यातच ठेव, बुद्धीही माझ्यातच ठेव, म्हणजे तू माझ्यातच राहशील. हे झालं सगळ्यात वरचं. मग लगेच नवव्यात ते म्हणतात, हे जमत नसेल, चित्त माझ्यावर स्थिर ठेवता येत नसेल, तर अभ्यासाच्या वाटेने मला गाठायची इच्छा धर. अभ्यास म्हणजे परीक्षेचा नव्हे. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. आणि तेही जमत नसेल, तर दहाव्यात सांगतात की माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही जमलं, तर अकराव्यात सांगतात की निदान फळ सोड.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे फॉलबॅक आहेत. एक सर्व्हर पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. भगवंताने अर्जुनाला एकदाही असं म्हटलेलं नाही की पहिलं जमत नसेल तर निघ.

आता गोष्ट सांगतो.

पहिली वेळ : रंधा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही टीममधले सात जण भंडारदऱ्याला गेलो होतो. पुण्याहून पहाटे निघून नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे. धरणामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. मागे रतनगडाचा डोंगर, त्याच परिसरात प्रवरेचा उगम, आणि रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ. पावसाळ्यात ढग तलावावर इतके खाली उतरतात की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही.

धरणाच्या खाली काही अंतरावर हीच प्रवरा सुमारे १७० फूट खोल घळीत उडी घेते. तो रंधा धबधबा.

आम्ही पोचलो तेव्हा धरणातून पाणी सोडलेलं होतं. गाडी लावली तिथपासूनच आवाज ऐकू येत होता. कठड्याशी उभं राहिलो तर बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. पाणी पडत होतं, फुटत होतं, आणि धुरासारखं परत वर येत होतं. पाच मिनिटांत चष्म्यासकट सगळा भिजलो. मित्र रील काढत होते. मी काहीच काढलं नाही. हात जोडले गेले होते आणि रडू येत होतं. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की हे ज्याने केलं तो आहे, आणि मला त्याच्याकडे जायचं आहे.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी ठरवलं की उद्यापासून रोज हरिपाठ आणि रोज एक माळ. काही झालं तरी.

फोनवर एक ॲप टाकलं, रोजची टिकमार्क मोजणारं. पहिला आठवडा स्वर्ग होता. डोळे मिटले की रंध्याचा आवाज यायचा. दुसऱ्या आठवड्यात आवाज कमी झाला. तिसऱ्या आठवड्यात माळ चालू असताना डोक्यात दुसऱ्या दिवसाच्या रिलीजची यादी चालू असायची. एकोणिसाव्या दिवशी मी रात्री ऑन-कॉल होतो, तीन वाजेपर्यंत जागा. विसाव्या दिवशी टिकमार्क तुटली. एकविसाव्या दिवशी मी ॲप काढून टाकलं.

खरं सांगायचं तर तुटल्याचं दुःख झालंच नाही, सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटल्यासारख्या वाटण्याचीच मला जास्त लाज वाटली. मनात एक वाक्य पक्कं बसलं : तू नाटक करत होतास. खरी भक्ती असती तर आटली नसती.

हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांच्या डोक्यात बसलेलं आहे, मला माहीत आहे. वारीत दोन दिवस चालून आल्यावर, एखाद्या कीर्तनानंतर, गाणगापूरहून किंवा शेगावहून परतल्यावर पंधरा दिवस आपण वेगळेच असतो. मग सोळावा दिवस येतो.

पुढच्या एप्रिलमध्ये मी मुद्दाम पुन्हा रंध्याला गेलो. एकटाच. वाटलं होतं, तिथे उभं राहिलं की ते परत येईल. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं. समोर नुसता काळा कातळ उभा होता, खाली डोहात थोडं हिरवट पाणी. पक्ष्यांचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता. कणसं भाजणारा माणूसही नव्हता. मी दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर वाटत होतं, हा माझाच फोटो आहे.

दुसरी वेळ : धार

माझं गाव उंद्री. पुण्यात हे सांगितलं की लोक विचारतात, कोंढव्याच्या पुढे का? नाही. ही बुलढाणा जिल्ह्यातली उंद्री, चिखली तालुक्यातली. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. आई तिथेच असते. पुण्याला ये म्हटलं की चार दिवस येते आणि पाचव्या दिवशी बॅग भरते.

यंदा मे महिन्यात सुट्टी काढून आम्ही गावी गेलो. ऊन असं की दुपारी अंगणातल्या नळाला हात लावता येऊ नये. आई म्हणाली, लोणारला चला, कमळजामातेचं दर्शन राहिलंय. म्हणून एका पहाटे निघालो. चिखली, मग मेहकर. मेहकरला शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. काळ्या पाषाणातली ती मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघालेली. तिच्यासमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. तिथून सुलतानपूरवरून लोणार.

लोणारचं सरोवर आपल्या जिल्ह्यातलं असून मी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलं नव्हतं. कडेवरून पाहिलं की एकदम खाली दिसतं. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि तळाशी हिरवट पाणी. अवकाशातून आलेला दगड बेसाल्टवर आदळून झालेलं विवर. ते किती जुनं? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं, आणि नंतर आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं तर पाच लाखांहून जास्त. हे वाचल्यापासून मी टीममधल्या कुणाच्या एस्टिमेटवर हसत नाही.

आपली परंपरा सांगते की इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. लवण म्हणजे मीठ, आणि सरोवराचं पाणी खरोखरच खारं आणि कडक अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पण आजचा पाठ सरोवराचा नाही. विवराच्या कडेला, पायऱ्या उतरून गेलं की गोमुख आहे. तिथे दगडातून पाण्याची एक धार पडते. गावातले लोक तिला नुसतं ‘धार’ म्हणतात. धारातीर्थ.

माझ्या सात वर्षांच्या लेकीला मी गाडीत सांगितलं होतं की आपण सरोवर आणि धबधबा दोन्ही पाहणार आहोत. तिने धार पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, एवढाच?”

मलाही तेच वाटलं होतं. रंध्यासमोर ही धार म्हणजे घरातला नळ. आजी मात्र हसली. म्हणाली, “एवढीच हाय. पण कवा बी ये, हायेच.”

मग तिने लेकीला तिच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. आजूबाजूच्या विहिरींनी तळ दाखवला होता त्या वर्षीसुद्धा ती आपल्या आईचा हात धरून इथे आली होती आणि धार अशीच पडत होती. मी घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा. मे महिना. वर पठारावर एक हिरवं पान नाही. आणि इथे दगडाला शेवाळ, पायाखाली ओल, धार पडतेय.

आईला विचारलेला प्रश्न

आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते. सत्तावीस अभंग. मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. दिवाबत्ती झाली की ती भिंतीला टेकून बसते. लाईट असो नसो, पाहुणे असोत नसोत. मी मनात धरून चाललो होतो की आईला त्यात काहीतरी मिळतं, मला रंध्याला मिळालं तसं, रोज. म्हणून तिचं टिकतं. माझ्याकडे ते नाही, म्हणून माझं टिकत नाही.

धारेजवळच्या पायरीवर बसलो होतो. लेक आणि तिची आई पुढे देऊळ पाहायला गेल्या होत्या. मी विचारलं, “आई, तुला रोज हरिपाठात गोडी लागते का गं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

“रोज? रोज कोणाले लागते रे बाबू? स्वयंपाकात तरी रोज कुठं गोडी लागते? पण चूल तं पेटवतोच ना.”

मी गप्प. मग थोड्या वेळाने, धारेकडे पाहत, ती स्वतःच बोलली.

“तुह्ये बाबा गेले त्या वर्षी तं लई राग होता मले देवाचा. वर्षभर. हरिपाठ म्हणत होती, पण रागातच म्हणत होती.”

सहा वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मी दर रविवारी फोन करायचो. मागे कधी कधी टाळ ऐकू यायचे आणि मला वाटायचं, आईचं बरं आहे, तिला देव आहे. मी निश्चिंत होऊन फोन ठेवायचो.

“मग सोडून का नाही दिलंस?”

“मंग राग कोणाजवळ काढला असता? भांडण होतं आमचं. पण बोलणं नोतं बंद केलं मी.”

एवढं बोलून ती उठली, बाटली धारेखाली धरली आणि भरल्यावर माझ्या हातात दिली. “घे. देवघरात ठेवू.”

विषय संपला. तिच्यासाठी. मी तिथेच बसून राहिलो.

धार मे महिन्यात कशी पडते?

माझा स्वभाव असा की गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हे जरा नीट समजून घेऊ, कारण श्लोक इथेच उलगडतो.

पाऊस पठारावर पडतो तेव्हा त्याचे दोन मोठे भाग होतात. एक वाहून जातो. तो दिसतो, ऐकू येतो, त्याचे ओढे होतात, नद्या होतात, धबधबे होतात. दुसरा मुरतो. तो दिसत नाही. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. त्या थरांत भेगा आहेत, मधे मधे जाळीदार, पोकळ भाग आहेत. मुरलेलं पाणी त्यातून थेंबाथेंबाने सरकत राहतं. महिनोन् महिने. लोणारला विवरामुळे हे थर बाजूने उघडे पडले आहेत. सरकणारं पाणी जिथे त्या उघड्या बाजूशी येतं, तिथे झरा होऊन बाहेर पडतं.

म्हणजे मे महिन्यात आम्ही पाहिलेली धार मे महिन्यातली नव्हती. तो केव्हाच पडून गेलेला पाऊस होता. ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी धारेजवळ उभ्या असलेल्या माणसाला काहीच फरक दिसला नसेल. तो म्हणाला असता, एवढा पाऊस झाला, धार तर तेवढीच आहे.

आता रंधा पाहा. रंध्यात काही खोट नाही. तो कोसळतो तेव्हा खराच कोसळतो. पण तो वाहणाऱ्या पाण्याचा आहे आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा आहे. वरचा दरवाजा बंद झाला की कातळ उघडा पडतो. माझं चुकलं ते इथे. मला रंध्याला जे आलं ते खोटं नव्हतं. ते मी सोडलेलं नव्हतं, कुणीतरी वरून सोडलं होतं. ती कृपा होती. मी मात्र समजलो की रोज तेवढंच पडलं पाहिजे, नाहीतर मी ढोंगी.

आई रोज संध्याकाळी जे करते ते मुरवणं आहे. ती बसते तेव्हा बहुतेक दिवशी काहीच होत नाही. पण बाबा गेले त्या वर्षी, जेव्हा वर पठारावर सगळं करपलेलं होतं, तेव्हा तिच्या तोंडून नाम बाहेर पडत होतं. रागात का होईना. ते त्या दिवशीचं नव्हतं. ते आधीच्या चाळीस वर्षांचं होतं.

पुन्हा श्लोकाकडे

आता नववा श्लोक परत वाचा. भगवंतांनी काय मागितलं आहे ते नीट बघा. त्यांनी भावना मागितलेली नाही. डोळ्यांत पाणी मागितलेलं नाही. चित्त स्थिर होत नाही, हे तर त्यांनी आधीच धरलेलं आहे. ते धरूनच श्लोक सुरू होतो. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या : अभ्यास, आणि मला गाठायची इच्छा.

इच्छा हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण इथे एक रास्त शंका येते. नुसतं रोज करत राहणं म्हणजे यांत्रिक होणार नाही का? क्रॉन जॉबसारखं? वेळ झाली, चाललं, लॉग लिहिला, संपलं. माझंही हेच म्हणणं होतं. पण क्रॉन जॉबला कुणाकडे जायचं नसतं. आईला जायचं होतं. तिला राग होता, पण तो त्याच्यावरच होता. तोंड त्याच्याकडेच होतं. कंटाळा आला, झोप आली, रिलीजची यादी डोक्यात फिरली, तरी “मला तुझ्याकडे यायचंय, आज जमत नाहीये” एवढं म्हणता येत असेल, तर तो अभ्यास आहे.

आणि ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकावर जे सांगितलं आहे ते वाचून तर मी थक्क झालो. माऊली म्हणतात, आठ प्रहरांमधला निदान एक निमिष तरी देत जा. आठ प्रहर म्हणजे पूर्ण दिवस, आणि निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मी सुरुवातच पाऊण तासाने केली होती.

पुढे माऊली सांगतात की त्या निमिषाची गोडी लागत जाईल तसं विषयांवरून मन उतरत जाईल. त्यासाठी ते दाखले देतात. पौर्णिमेपासून चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो, तसं. आणि शरद ऋतू लागला की नद्या ओसरू लागतात, तसं चित्त प्रपंचातून बाहेर निघतं.

नद्या ओसरणं! मी ज्या गोष्टीला घाबरत होतो तीच त्यांनी दाखला म्हणून वापरली. ओसरलं म्हणजे हरलो, असं मी धरून बसलो होतो. माऊली म्हणतात, बाहेरचा लोंढा ओसरू दे, हळूहळू ओसरू दे, घाई नको. एका रात्रीत अमावास्या होत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला. नेवासं कुठल्या नदीच्या काठी आहे? प्रवरेच्या. रंध्याला जी कोसळते तीच प्रवरा पुढे शांत होत नेवाशाला जाते आणि मग गोदावरीला मिळते. माऊलींनी शरदातली नदी हा दाखला दिला तेव्हा जवळून जी वाहत होती, ती हीच. मी रंध्याला जाऊन ती आटली म्हणून रडत परतलो. तिथून काही तासांवर तिच्याच काठी मला उत्तर सांगून ठेवलेलं होतं.

आणखी एक, सरोवराचं

निघता निघता लेकीने विचारलं, “बाबा, हे पाणी गोड आहे, मग खालचं सरोवर खारट कसं?”

मी सांगितलं की सरोवराला बाहेर पडायला वाट नाही. पाणी आत येतं आणि वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात.

ती म्हणाली, “मग एवढी वर्षं गोड पाणी टाकून काय उपयोग?”

हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय. एवढा जप केला, तरी स्टँडअपमध्ये कुणी उलट बोललं की माझा आवाज चढतोच. बायकोशी वाद झाला की दोन दिवस अबोला धरतोच. मग काय उपयोग?

तेव्हा मी लेकीला धारेखालचा उतार दाखवला. सगळं विवर उन्हात तापलेलं होतं, आणि धारेच्या पाण्याच्या वाटेवर झाडं होती, गारवा होता, माकडं बसली होती. सरोवर काही गोड झालेलं नाही. पण धार जिथून जाते तिथे हिरवं आहे. आणि धार काही सरोवराची चव बघून पडत नाही.

नवव्या श्लोकानंतर दोनच श्लोकांनी भगवंत फळ सोडायला सांगतात, ते यासाठी असावं असं मला वाटतं. माझा स्वभाव केव्हा गोड होईल, हे मोजत बसायचं काम माझं नाही. माझं काम मुरवत राहायचं.

अर्थात, कुठलाच झरा कायमचा पट्टा लिहून आणत नाही. वर पाणी मुरणं थांबलं, आजूबाजूला नुसता उपसा झाला, तर तोही आटतो. आपणही दिवसभर उपसाच करत असतो : मीटिंग, नोटिफिकेशन, रात्री बारापर्यंत स्क्रोल. मुरायला जमीन मोकळी ठेवावी लागते.

आजचा अभ्यास

तुमच्यासाठी, आणि आधी माझ्यासाठी, तीन छोट्या गोष्टी.

एक. आजपासून रोजचा नेम इतका लहान करा की आजारी असतानाही होईल. एक अभंग, एक श्लोक, अकरा वेळा नाम. जास्त झालं तर आनंद आहे, पण नेम तेवढाच.

दोन. कसं वाटलं हे लिहू नका, मोजू नका. गोडी लागली तर नमस्कार करा, नाही लागली तरी नमस्कार करा आणि उठा.

तीन. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून मोजायला लागू नका. मोजायचंच नाहीये. नुसतं पुढे चालू करा.

आणि घरात कुणी वर्षानुवर्षं नेम करणारं असेल, आई, आजी, आजोबा, सासूबाई, तर त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा की तुम्हाला रोज गोडी लागते का. उत्तर काय मिळतंय ते शांतपणे ऐका. मी हा प्रश्न विचारायला फार उशीर केला. बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष आईने एकटीने, भांडत भांडत काढलं, आणि मला वाटत राहिलं की तिला आधार आहे म्हणून मी लागत नाही.

रंध्याला जरूर जा. श्रावणात जा, कठड्याच्या आत उभे राहा, भिजा, रडू आलं तर रडा. कृपा पडत असताना ओंजळ मागे घेऊ नये. फक्त घरी येताना ती रोज मागू नका.

लोणारहून आणलेली ती बाटली आईने उंद्रीच्या देवघरात ठेवली आणि अर्धं पाणी दुसऱ्या बाटलीत मला दिलं. पुण्यात माझ्या डेस्कशेजारच्या छोट्या देवघरात ती आहे. काल रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद केला. डोळे मिटत होते. एक अभंग म्हटला. काहीच वाटलं नाही. नमस्कार केला आणि झोपलो.

देवा, आज गोडी नाही, पण बोलणं बंद करू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.